मावशींची सोपी वाट

वळण संपलं, झाडं बाजूला झाली आणि समोरचा चढ बघून खिडकीवाल्या बाई जागच्या जागी थिजल्या. चढ कसला, भिंतच ती! एकावर एक रचल्यासारखे दगड, मधूनच बाहेर आलेली झाडांची मुळं आणि धरायला एका बाजूनं बांधलेला दोर. दोर! जिथं दोर बांधावा लागतो त्या वाटेला सोपी कोण म्हणतं?

म्हणत त्याच होत्या. इतकी वर्षं.

या वन-उद्यानाच्या फाटकाशी तिकिटांची खिडकी आहे आणि त्या खिडकीत बाई. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले ते तिथंच. येणारा जाणारा खिडकीत डोकं घालून हमखास विचारतो, "मावशी, धबधब्याची वाट अवघड नाही ना?" आणि बाई तिकीट फाडता फाडता सांगतात, "छे हो! चपलेतसुद्धा जाल." हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी आधीच्या कारकुनानं सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. यांपैकी वर कोण जाऊन आलं होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. खिडकी सोडता येत नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी माणूस साठलेलं धुणं धुतो, ऑफिस बघायला जात नाही.

बरं, परतताना लोकांनी तरी खरं बोलावं? संध्याकाळी बाई हौसेनं विचारायच्या, "काय, सोपी होती ना?" आता बायको शेजारी उभी असताना कुठला नवरा म्हणेल की माझी फे फे उडाली? चेहरे लालबुंद, पँटी गुडघ्यावर फाटलेल्या, आणि उत्तर काय, तर "एकदम सोपी, मावशी!" बाईंना वाटायचं, पोरं उन्हानं लाल झालीत.

एवढ्या भरवशावर त्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं.

नवरा बस-ड्रायव्हर. उभा जन्म घाटात गाडी चालवली, पण हृदयाचं ऑपरेशन झालं आणि माणूस खुर्चीत जो बसला तो बसलाच. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, "अहो, ठणठणीत आहात. चाला, सावकाश चढा-उतरा." हा ढिम्म. "रस्त्यात गाडी बंद पडली म्हणजे?" एवढंच म्हणायचा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जायचा नाही. खिडकीच्या पडद्याआडून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना नावं ठेवायची, हाच काय तो व्यायाम. शेवटी बाईंनी हुकमाचं पान टाकलं.

"माझ्या उद्यानात चला. सोपी वाट आहे, वर धबधबा, रात्री पायथ्याशी तंबूत राहू. माझ्या शब्दावर या एकदा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुन्हा कधी बाहेर चला म्हणून तोंड उघडणार नाही."

असा सगळा संसार त्या एका वाटेवर लावून बाई आल्या होत्या. आणि वाट ही अशी.

मागून ड्रायव्हर आला. त्यानं चढाकडे बघितलं, मग बायकोकडे. "ही गं सोपी?"

तेवढ्यात वरून एक जाडजूड तरुण दोराला लटकत, मध्येच बसत, घसरत खाली आला. बाईंना बघताच त्याचा चेहरा उजळला.

"मावशी! तुम्ही खिडकीबाहेरही असता होय?" मग मान वर करून ओरडला, "अरे, लवकर उतरा रे! मावशीच्या सोप्यावर खुद्द मावशी आल्यात!"

"कशावर?"

"या चढाला सगळे तेच म्हणतात. मावशीचं सोपं. तुम्हाला माहीत नाही? माझा मेहुणा तर इथं रडला होता. लग्नाआधी. म्हणून तर बहिणीला पसंत पडला, म्हणे मन हळवं आहे."

बाई मटकन खाली बसल्या. "मग मला कुणी सांगितलं का नाही रे?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगता ना मावशी, वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे."

मागून घर्रघर्र आवाज आला. बाई वळून बघतात तर नवरा दगडावर वाकलेला, हात छातीवर, खांदे गदागदा हलतायत.

"अहो! अहो, काय होतंय?"

ड्रायव्हर हसत होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "मावशीचं सोपं!" डोळे पुसत तो म्हणाला. "अगं, किती जणांना चढवलंस!"

पण हसून झाल्यावर तो उठला आणि खाली वळला. तंबूत शिरताना एवढंच म्हणाला, "उद्या घरी जाऊ. आणि शब्द दिलायस, विसरू नकोस." बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी कूस बदलली. तंबू एवढासा की नीट रडायचीही सोय नव्हती.

सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी. तंबूची चेन उघडी, बूट गायब. बाई शोधत सुटल्या. तळ्याकाठी नाही, चुलीपाशी नाही, नळावर नाही. वरून उतरणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी अडवलं, "निळ्या स्वेटरातले एक गृहस्थ दिसले का हो?"

"ते होय! वर बसलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, पहिल्या गियरमध्ये चढा म्हणून."

बाई धावल्याच. दोर धरला, मुळं धरली, एका चपलेचा पट्टा तुटला तशी ती तिथंच सोडली. चढाच्या मध्यावर, रुंदशा दगडावर ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन निवांत बसला होता.

"मला न सांगता?" बाईंचा आवाज फुटला. "काही झालं असतं म्हणजे?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सोपं आहे." त्यानं बाटली पुढं केली. "अवघड आहे ते कळलं, म्हणून तर आलो. घाट म्हटला की मला बरं वाटतं. ते तुझं सोपं-सोपं ऐकूनच भीती वाटत होती. सोप्या रस्त्यावर बंद पडलो असतो तर तोंड कुठं दाखवलं असतं?"

बाईंनी बाटली घेतली. महिनोन् महिने हाच माणूस आपल्यासमोर खुर्चीत बसला होता, आणि हे त्याच्या डोक्यात होतं?

"चला खाली," त्या कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी हात दिला. ड्रायव्हरनं तो धरला, पण ओढ लागली ती वरच्या बाजूला. चार दगड चढेपर्यंत बाईंचाच जीव घशाशी आला. "थांबा हो जरा!"

तो थांबला. धापा टाकत उभ्या असताना बाईंच्या कानावर पहिल्यांदाच तो आवाज आला, कड्यावरून काहीतरी सतत कोसळत असल्यासारखा. खिडकीपर्यंत तो कधीच पोचला नव्हता.

"हे काय हो?" त्या दचकून म्हणाल्या.

"तुझा धबधबा," नवरा म्हणाला. "चल."