दोन ट्रक आणि बदललेलं हेड

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवणी सांगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतो तो काळा धूर ओकणारा एक जुना ट्रक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वसईत नवा फौजदार होतो. एका सकाळी गिरीजचे एक वाडीवाले काका केळी भरलेला ट्रक थेट ठाण्याच्या आवारात घेऊन आले. इंजिन असं खोकत होतं की लॉकअपमधला आरोपी उठून बसला.

"साहेब, माझं हेड चोरलं!"

ठाणे अंमलदाराने शेजारच्या हेड कॉन्स्टेबलकडे पाहिलं. "हे तर इथंच आहेत."

काकांनी बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन सहा सिलिंडरचं. पुढच्या तिघांवर एक जड लोखंडी झाकण, मागच्या तिघांवर दुसरं. त्यालाच हेड म्हणतात. गोखिवऱ्यातल्या गॅरेजात इंजिन नव्याने बांधून घेतल्यापासून मागचे तीन सिलिंडर ठोके देत होते. दुसऱ्या मिस्त्रीने निदान केलं : मागचं हेड वेगळ्या मॉडेलचं आहे. बोल्ट बसतात, पण आतली खोली जुळत नाही.

"ट्रक बसला तर माल वाडीतच कुजंल, साहेब," काका म्हणाले.

मी अर्ज घेऊन चौकशी लावली. दुसऱ्याच दिवशी गोखिवऱ्याच्या एका चहावाल्याने खबर दिली : त्याच सुमारास त्याच गॅरेजातून इंजिन बांधून गेलेला मिठाचा एक ट्रकही तसाच खोकतोय. मला लगेच सुटे भाग चोरणारी टोळी दिसू लागली. वरिष्ठांना तसं कळवूनही टाकलं.

मिठाच्या ट्रकवाल्याला, काकांना आणि त्या गॅरेजच्या मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. ट्रकवाला आल्या आल्या काकांवर धावून गेला. "पानी उकळतंय माज्या गाडीचं! माजं हेड यानंच ढापलंय!"

"मी ढापलं? तुझं भंगार मला कशाला?"

दोघांना दोन बाकांवर बसवून मी मिस्त्रीला आत घेतलं. माणूस पंचावन्नचा, धंद्यात तीस वर्षं.

"हेडं तूच लावलीस?"

"होय, मीच लावली. नंबर बघूनच."

एवढं बोलणं झालं आणि माझ्या सांगण्यावरून हवालदाराने जबाबात लिहिलं : 'हेडे जाणूनबुजून बदलली.' मी कागद पुढे सरकवला. "वाच आणि सही कर."

मिस्त्रीने कागद हातभर लांब धरला आणि खणखणीत वाचलं, "ज्याचं हेड त्याला लावलं. माझी काही चूक नाही." मग ठसक्यात सही केली. अर्धी कागदावर, अर्धी टेबलावर.

मी टेबलावरच्या त्या अर्ध्या सहीवर बोट ठेवलं. "मिस्त्री, चष्मा लागलाय का?"

त्याची मान खाली गेली. "लागलाय, साहेब. पण चष्मेवाल्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक येत नाही. म्हणतात, म्हातारा झाला. दोन वर्षं नंबर बोटांनीच चाचपतोय. ग्रीस असलं की तीन आणि आठ सारखेच लागतात."

हवालदाराने आपला चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. मिस्त्रीने पुन्हा जबाब वाचला आणि ताडकन उठला. "जाणूनबुजून? हे कोणी लिहिलं?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

दोन्ही ट्रक गॅरेजात गेले. मिस्त्रीने हवालदाराचाच चष्मा लावून हेडांची अदलाबदल केली, नव्या पॅकिंगसह. काकांचं इंजिन एका दमात सुरू झालं. मिठाचा ट्रकवाला कान देऊन ऐकत होता. शेवटी काकांना म्हणाला, "आवाज बरा हाय तुमचा." काकांनी त्याच्या केबिनमध्ये केळ्यांची फणी ठेवली.

संध्याकाळी वरिष्ठांनी विचारलं, "टोळीचं काय झालं?"

"टोळी नाही, सर. चष्म्याचा नंबर निघाला."

ते हसले, मला मात्र हसू आलं नाही. मिस्त्रीला जवळचं दिसत नव्हतं. माझे डोळे धडधाकट होते, तरी समोर गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यालेला कारागीर असताना मला टोळी दिसली. ती एक सही नीट कागदावर पडली असती तर त्याचं गॅरेज बंद झालं असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत सहीआधी प्रत्येक जबाब मी मोठ्याने वाचून दाखवला. पुष्कळदा समोरचा म्हणायचा, "साहेब, मी असं म्हटलंच नव्हतं." मग आम्ही पुन्हा लिहायला बसायचो.