सुनेचा दात अन् प्रिंटरचा ड्रायव्हर

माझ्या पोरानं आज मशीनपायी बायकोचा दात पाडला! सगळ्यांले जयभीम.

भद्रावतीत घरातच आमचं टायपिंगचं दुकान आहे. सकाळपासून प्रिंटर अर्जाच्या जागी किडेमुंग्यावानी अक्षरं छापून राह्यला होता. "तूनंच बिघडवला!" म्हणून पोरगा बोंबलला अन् स्टूल उचलून सुनेच्या तोंडावर हाणलं. मी खलातला बत्ता त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं तवा खाली बसला.

सून रक्त थुंकून कॉम्प्युटरपुढं बसली. प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघडून कोणता ड्रायव्हर, म्हंजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, चालू आहे ते वाचलं. तो भलत्याच मॉडेलचा निघाला. काल चंद्रपूरहून दोस्ताची सीडी आणून पोरानंच टाकला होता.

"माय, चुकलं," पोरगा म्हणे.

"मले काऊन सांगतं? दात माझा पडला का?"

सुनेनं बरोबरचा ड्रायव्हर टाकला. पहिला कागद छापला तो नवऱ्याच्या विरोधातला तक्रारअर्ज. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. आता आम्ही दोघी ठाण्यात चाललो.

ड्रायव्हर पाहाले दोन मिनिटं लागतात, मग हात पहिले काऊन उठते? ज्यांनी कधी बायकोले मारलं त्यांनीच उत्तर द्या. बाकीच्यांनी गप राहा.