आरती ओवाळल्यासारखा फटका

चाळिशी ओलांडली की बाईने एकतर योगा करावा किंवा भजनी मंडळात जावं, अशी आमच्या लालबागच्या चाळीची समजूत. मी केंडो शिकायला लागले. केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायची जपानी तलवारबाजी. दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी क्लास असायचा. सर एकदम शांत माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. माझा फटका बघून नुसते डोळे मिटायचे.

"मॅडम, तुमचा फटका डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच माफी मागतो," एकदा ते म्हणाले. "ताकद डाव्या हाताची, उजव्याने फक्त दिशा द्यायची. पाय, फटका आणि आवाज, तिन्ही एकदम. आणि मारून थांबायचं नाही. समोरच्याला ओलांडून पुढे निघून जायचं."

आवाज म्हणजे, जिथे मारायचं त्या जागेचं नाव ओरडायचं. केंडोत डोक्याला मेन म्हणतात.

घरात तलवार उचलली की पंख्याला लागायची, म्हणून मी संध्याकाळी गॅलरीत सराव सुरू केला. पाय आपटला आणि पोटातून ओरडले, "मेन! मेन!"

कोपऱ्यातल्या खोलीतले काका बनियनवर धावत सुटले आणि त्यांनी जिन्यापाशी जाऊन मजल्याचा मेन स्विच खाली पाडला. सगळ्या खोल्यांतले टीव्ही ऐन मालिकेत बंद पडले. बायका बाहेर आल्या.

"कुठे शॉर्ट झालं?" काका धापा टाकत म्हणाले.

"कुठे नाही, काका. मेन म्हणजे डोकं."

"कोणाचं? माझं?"

त्यानंतर मी ओरडणं बंद केलं. पायसुद्धा मांजरीसारखा टाकायला लागले. दारात लसूण सोलत बसलेल्या माझ्या सासूबाई बराच वेळ हे बघत होत्या. त्या मालवणच्या. गॅलरीतून नुसती हाक मारून त्या नाक्यावरचा भाजीवाला थांबवतात.

"काय गो, मारतंस की आरती ओवाळतंस?"

"आई, समोर कोणी नसलं की अंदाजच येत नाही."

त्यांनी लसूण बाजूला ठेवला. लोखंडी जाळीचं ते जाड शिरस्त्राण क्लासने मला घरी घालून सवय करायला दिलं होतं. सासूबाईंनी ते उचललं आणि अंबाड्यासकट डोक्यावर चढवलं. मी मागून नाड्या बांधून दिल्या. नऊवारीवर ते शिरस्त्राण घालून त्या गॅलरीत मधोमध उभ्या राहिल्या.

"मार."

सून हातात दांडकं घेऊन सासूसमोर उभी आहे, ही बातमी वरच्या मजल्यापर्यंत पोचायला काही वेळ लागला नाही. जिना भरला. मी तलवार उचलली, खाली आणली आणि त्यांच्या डोक्यावर अलगद टेकवली.

"ह्यां काय? माशी हाकलतंस?" जाळीतून आवाज आला. "परवा माझ्या बांगड्याच्या कढीत तू साखर घातलंस. तेव्हा नाय घाबरलंस?"

"चवीला चिमूटभर घातली होती, आई!"

"चवीक? बांगड्याक?"

जिन्यावरचे सगळे इतके हसले की माझं डोकंच फिरलं. पाय आपटला, डावा हात खेचला आणि "मेन!" ओरडून फटका दिला. असा खणखणीत आवाज माझ्या तलवारीतून पहिल्यांदाच निघाला. पुढे निघून जायचं हेही या वेळी लक्षात राहिलं. मी सासूबाईंना ओलांडून, वाळत घातलेली चादर अंगावर घेऊन, थेट काकांच्या उघड्या दारातून आत गेले. काका जेवत होते. ते ताट घेऊन उभे राहिले.

बाहेर टाळ्या पडत होत्या. सासूबाईंनी नाड्या सोडून शिरस्त्राण काढलं. लागलं का, असं विचारायला मी धावले, तर म्हणाल्या, "आता खरां मारलंस."

मग रोज संध्याकाळी सराव. त्यांना कंटाळा आला की त्या मुद्दाम माझ्या स्वयंपाकाचा विषय काढायच्या. फटका लगेच सुधारायचा.

पुढे एका रविवारी सरांनी मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

"हात सुटलाय तुमचा. घरी कोणावर सराव करता?"

"सासूबाईंवर."

सरांनी पुन्हा डोळे मिटले. मग मागच्या रांगेतल्या, नुकतंच लग्न झालेल्या मुलीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाहेरच्यांना सरावाला येऊ देतात का हो त्या?"