उद्यापर्यंत हात लावू नये

फोन सकाळी आला. मी ऑफिसला निघालेली, विजय नगरच्या सिग्नलवर. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, हे गेले..." पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय.

मिलिंददादा माझा थोरला भाऊ, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. आजोबा महूच्या पलटणीतले. त्यांची शिस्त घरात बाकीच्यांना आली, दादाला नुसती सबुरी. मोडकं काही फेकू द्यायचा नाही. सियागंजच्या बाजारातून एपॉक्सी गोंदाच्या नळ्या आणायचा, तुटक्या कडा स्पिरिटनं पुसायचा, इवलासा थर द्यायचा. "जास्त थोपलं की जोड कच्चा, समझी? दोन तुकडे कितीही दाब, थोड्याच जागी टेकतात. रेणूंना एकमेकांना धरायला फार जवळ यावं लागतं. गोंद फटीत शिरून तेवढी जवळीक करून देतो, बस." मग सुतळी बांधून वर चिठ्ठी: उद्यापर्यंत हात लावू नये. मी कधी ऐकलं असेल तर शपथ! तासाभरात उचलून बघायचे, कपाचा कान हातात यायचा, आणि दादा पुन्हा पहिल्यापासून पुसायला बसायचा. चिडायचा नाही, त्याचीच मला चीड यायची.

शेवटच्या संध्याकाळी त्याच्या घरी माझ्याच कपाचा कान जोडत होता. मधेच छाती चोळायला लागला. कपाळावर घाम. मी म्हटलं, "ऊठ, दवाखान्यात चल." "अगं, गॅस आहे. कल देख लेंगे यार." मी ओरडले, भांडले, स्कूटरची चावी घेऊन दारात उभी राहिले. सुतळीला गाठ मारत तो म्हणाला, "तुला ना, कध्धी दम धरवत नाही." ते मला लागलं. तशीच घरी आले. जन्मात एकदा त्याचं ऐकलं, तेही नेमकं तेव्हा! अरे, कपाला उद्या चालतो, काळजाला चालतो का? एवढी केमिस्ट्री शिकवलीस पोरांना, आणि स्वतःला एवढं कळू नये? आणि मी तरी... हाताला धरून ओढत का नाही नेलं?

तेराव्यानंतर वहिनीनं कप आणून दिला, सुतळी आणि चिठ्ठीसकट. तो ओट्यावर तसाच पडून होता. काल सुतळी कापली आणि कान धरून जोरात ओढला, रागानंच, मोडला तर मोडला म्हणून. नाही सुटला. पुन्हा ओढला. नाही. मग ओट्याशी खाली बसले आणि मोठ्यानं रडले, कप हातात घट्ट धरून.