धुराड्यात नळी घालणारे साडूभाऊ

आमच्या गोतावळ्यात असं एकही कार्य पार पडलं नाही, ज्यात माझ्या साडूंनी कोणाला तरी जबर धक्का दिला नाही. कारखान्यांतले बॉयलर इंधन नीट जाळतात की वाया घालवतात, हे तपासायची त्यांची नोकरी. त्यासाठी त्यांच्याकडे एक यंत्र. त्याची लांब नळी धुराड्यात घातली की धूर किती तापलाय, त्यात ऑक्सिजन किती उरलाय, विषारी वायू किती, सगळं पडद्यावर दिसायचं. हे यंत्र ते लग्नामुंजींनाही घेऊन येत. खांदा कॉलनीतल्या आमच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे खोकत डोळे चोळत होते, तर यांनी सरळ होमावर नळी धरली आणि मंत्र थांबवून गुरुजींना सांगितलं की समिधा ओल्या आहेत, अर्धी आहुती न जळताच वर जातेय. गुरुजी आ वासून बघतच राहिले. त्याच दिवशी आमचा गॅस गिझरही त्यांनी न विचारता बंद केला. मला राग आला. पण बाथरूममध्ये कोणता वायू साठत होता आणि त्याने काय होतं हे त्यांनी समजावल्यावर मीच बाथरूमची खिडकी उघडायला धावलो.

नेऱ्याला एका साखरपुड्याला यजमानांनी पाहुण्यांच्या अंघोळीसाठी तांब्याचा बंब पेटवला होता. साडूभाऊ टॉवेल गुंडाळून त्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुम्ही पाणी नाही, नेऱ्याचं आकाश तापवताय." मग स्वतःच राख ओढली, ठासलेली लाकडं कमी केली. पाणी झटकन कढत झालं, पण यजमानांनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. तोही माझ्याशी, त्यांच्याशी नाही.

पण या सगळ्यावर कडी झाली ती ताई गेल्या तेव्हा. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. स्मशानात डिझेलवरची दाहिनी होती. ती सुरू झाली आणि चिमणीतून काळाकुट्ट धूर निघू लागला. आम्ही हात जोडून उभे. साडूभाऊंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं, मग स्कूटरपाशी गेले आणि डिकीतून यंत्र काढलं. ताईंचे मामा पुटपुटले की याचं डोकं फिरलं. माझी बायको पुढे होऊन हळूच म्हणाली, "भावोजी, आज नको." त्यांनी ऐकलं नाही.

दाहिनी चालवणारा माणूस आडवा आला. "काका, असं कोनी करत नाय."

"हवा कमी पडतेय," साडूभाऊ म्हणाले. "तिला धूर सोसायचा नाही हो. माहेरी चुलीपुढे बसून बसून छाती गेली होती तिची."

तो माणूस बाजूला सरकला. साडूभाऊंनी धुराड्याच्या भोकात नळी घातली आणि पडद्यावरची नजर न काढता हाताने खुणा करत राहिले. तो माणूस त्याप्रमाणे हवेची झडप थोडीथोडी उघडत गेला. धूर करडा झाला, मग फिकट. शेवटी चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसू लागली. मामांनीही मान खाली घातली.

साडूभाऊंनी नळी बाहेर काढून पुसली आणि वर पाहिलं.

"आता काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

स्वतःचेच शब्द कानांवर पडले तसे ते मटकन पायरीवर बसले. मी शेजारी जाऊन बसलो. त्या माणसाने हात धुतले, तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं.