मूळ अजून फुटलं नाही

आर्णीच्या बसस्टँडवर पुण्याची ट्रॅव्हल्स लागली होती आणि आई माझ्या बॅगेची चेन काही केल्या लागू देत नव्हती. सगळं भरून झालं होतं, तरी वरून तिला बिस्किटांचा एक रिकामा डबा कोंबायचाच होता. रिकामा कसला, त्यात आमच्या शेतातली काळी माती ठासून भरलेली. "तिथं गेली का याच्यात तुळस लावजो," ती म्हणाली. बाबा जरा लांब पानठेल्यापाशी उभे राहून ड्रायव्हरशी उगाचच टायरबद्दल बोलत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीखाली आले आणि म्हणाले, "पोचली का फोन करजो." बस, एवढंच. रडायचं राहून गेलं म्हणून यवतमाळ जिल्हा संपेपर्यंत मी चिडूनच बसले होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात नोकरीला लागले, चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला. ऑफिसात मी "मला" म्हणते आणि घरचा फोन आला की आपोआप "मले" होतं. पलीकडच्या टेबलावरची मुलगी ऐकून हसते, हसू दे. तुळस आईच्या मातीत छान वाढली. आई मात्र ती बघायला आलीच नाही. येते येते म्हणता म्हणता गेली.

मग बाबा आर्णीच्या घरात एकटे उरले. शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिलेलं, घर मोठं, माणूस हट्टी. एकदा गॅसवर दूध ठेवून झोपले. धूर पाहून शेजारच्या इंदूकाकूंनी दार ठोठावलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार अजून मला जेवू देत नाही. मी रोज फोनवर एकच रडगाणं गायचे, "बाबा, इकडं राहायला या." त्यांचंही उत्तर ठरलेलं. "मी तिकडं येऊन काय करू? चौथ्या मजल्यावर माणसानं पाय टेकवावं कुठं?"

अशाच एका फोननंतर, डोकं तापलेलं असताना, मी ते ऑर्किड घेतलं. आमच्या चौकात एक टेम्पोवाला झाडं विकतो. जांभळी फुलं, मान टाकलेली, पानांना सुरकुत्या. "मॅडम, काही करावं लागत नाही, बारा महिने फुलतं," तो म्हणाला. खोटं कायले बोलू, ते आजारी आहे हे मला दिसत होतं. पण त्याची ती मान बघून मला ते तिथं ठेववेना. आठवड्याच्या आत फुलं गळाली. मी भांडायला चौकात गेले, तर टेम्पो दुसरीकडे गेलेला.

मग मी ते केलं, जे आपल्याकडचा कोणीही करेल. तुळशीच्या कुंडीतली अर्धी काळी माती काढली आणि ऑर्किड त्यात गळ्यापर्यंत गाडलं. आपल्या मातीत वाळकी काडी खोचली तरी पालवते, हे ऐकतच मी मोठी झाले. ही मेळघाटाची नाही, कोकणाची नाही, आर्णीची माती! वरून रोज तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडायला लागली तशी मी आणखी पाणी घातलं.

तेवढ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं निघालं. इथल्या डॉक्टरांकडे ऑपरेशन करायला कसेबसे तयार झाले. काळा चष्मा लावून बाल्कनीत खुर्ची टाकून बसले, आणि पहिल्याच दिवशी नाक वर करून म्हणाले, "बाई, इथं काहीतरी सडून राह्यलं." मी म्हटलं, गटाराचा वास असेल. "गटार नोहे. पराटीत पाणी साचलं का मुळं सडते, तो वास होय हा." पराटी म्हणजे कपाशी, आणि तिच्या बाबतीत बाबांचं नाक चुकत नाही. उठून चाचपत कुंडीपाशी गेले, पानं डोळ्याजवळ धरली. "हे बांडगूळ तूनं पैसे देऊन इकत आणलं?"

मला एवढा राग आला! बांडगूळ झाडाचं रक्त पितं, बाबा त्याला आयुष्यभर कोयत्यानं तोडत आलेले. मी मोबाईलवर एका मुलीचा व्हिडिओ लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. ती सांगत होती, ऑर्किड झाडावर राहतं पण झाडाचं काही खात नाही, त्याच्या मुळांना हवा लागते, मातीत ते गुदमरतं. बाबा व्हिडिओलाच प्रश्न विचारत होते. "मंग खाते काय ते? बोल ना वो पोरी." मग मोबाईल कानापासून दूर केला. "अरे हो," म्हणाले, "झरीकडं आत्याच्या गावाले मोहाच्या झाडावर पाह्यलं होतं असं. आमी तं त्याले बी बांडगूळच समजत होतो."

तिथून ते झाड बाबांचं झालं. मोरीत बसून आम्ही ते उपसलं. काळी, लिबलिबीत मुळं मी कात्रीनं कापली, त्यांनी कापलेल्या जागी हळद दाबली. एक-दोन धड मुळं उरली. कुंडीतली माती मी नळाखाली सोडणार, तर माझा हात धरला. "तुह्या मायनं देल्ली माती गटारात नाई जात." पेपरवर पसरून वाळवली आणि परत तुळशीला घातली. मी तोंड फिरवून भांडी घासत बसले, कारण मला रडू आलं होतं.

खालच्या इस्त्रीवाल्याशी दोस्ती करून बाबांनी कोळशाचे तुकडे आणले, देवाच्या नारळाच्या शेंड्या टाकल्या, आणि प्लास्टिकची एक जाळीदार टोपली स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगली. मला सक्त ताकीद. "तू हात नोको लावू. तुह्या हातानंच मरत होतं." आणि मग वरून म्हणाले, "याले नवं मूळ फुटलं का मी निघतो."

आता सांगा, मी काय मागावं देवाला? मरू नये, आणि फुटूही नये! मी रोज चहा गाळताना विचारायचे, "फुटलं का हो बाबा?" ते बाटलीनं पाण्याची फुसफुस मारत म्हणायचे, "नाई ना बाई. टाईम लागते." असं करत करत डोळा बरा झाला, चष्मा सुटला, इस्त्रीवाल्याकडे बसायला त्यांची ठरलेली खुर्ची झाली. मूळ फुटत नव्हतं. मी आतून खूश आणि वरून काळजीत.

परवा वारा सुटला. बाबा खाली होते. खिडकी लावायला म्हणून मी टोपली जरा सरकवली, तर ती फिरेना. पाहते तर दोरीला वरून दुसरी गाठ मारलेली, कापसाच्या गाठोड्याला मारतात तशी घट्ट. वाकून मागच्या बाजूनं बघितलं. गजांच्या बाजूला बोटाएवढी लांब मुळं बाहेर आली होती, चांदीसारखी, टोकाला हिरवीगार. त्याच बाजूला एक नवं पान. एका दिवसाचं काम नव्हतं ते. बाबांनी टोपली तशी वळवून, बांधून ठेवली होती.

मी तिथंच ओट्याला टेकून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मग सरकवलेली टोपली होती तशी केली. बाबा वर आले, तर म्हटलं, "फुटलं का हो?"

त्यांनी माझ्याकडे न बघता बाटली उचलली. "नाई ना बाई. टाईम लागते."

"लागू द्या," मी म्हटलं, आणि चहा ठेवला.

तर इंदूकाकू, आणि आपल्या गल्लीतल्या सगळ्यांनो, तुम्ही दर फोनला विचारता की बाबा घरी कवा येतात. काकू, किल्ली तुमच्याकडेच असू द्या, अंगणात दिवा लावत राहा. पेरणीच्या वेळी आम्ही दोघं चक्कर मारू, येताना डबाभर माती आणू. फक्त एक करा. बाबांशी बोलाल तेव्हा मूळ फुटलं का, असं विचारू नका. आमच्या घरी ते अजून फुटलेलं नाही.