अमावस्येचा रंधा

आकाराम सुताराचा सगळा जीव एका वर्गात अडकला होता. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात रंधा मारून तो पलूसकडं परतला, तेव्हा हायस्कुलात त्याला सुतारकामाचा मास्तर नेमलं. इंग्रजी कळत नाही म्हणून तिकडं गोऱ्या साहेबाच्या लय शिव्या खाल्ल्या होत्या गड्यानं! आपल्या पोरांवर ती पाळी नको, म्हणून लाकूड तासता तासता तो पोरांना इंग्रजी बोलायला लावायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "हितं कुनी पाटील न्हाई, कुनी धनगर न्हाई. हत्यार हातात घेतलं की तुमी समदी सुतार. आन् सुतार अवसंला हत्याराला शिवत न्हाई. त्या दिशी हत्याराला इसावा."

वर्षअखेर सरकारचा साहेब तपासणीला येणार होता. काम चालू असताना पोरांनी ते इंग्रजीत सांगितलं तर वर्ग राहणार, नाहीतर कायमचं टाळं. आणि साहेब उगवला तो नेमका अमावस्येला! सरकारी माणसाला अवस काय नि पुनव काय!

"दाखवा काम," साहेब म्हणाला.

आकारामाचा हात रंध्याकडं जाईना. हेडमास्तर डोळे वटारून बघत होते. शेवटी तो पोरांतल्या बिराप्पाच्या कानाशी लागला, "तू धनगराचा. तुला अवस लागत न्हाई. उचल बाबा रंधा."

बिराप्पा जागचा हलला नाही. "आवं मास्तर, तुमीच म्हनला न्हवं, आमी समदी सुतार? मंग आज कसं शिवू?"

आकारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ज्याला सुतार म्हटलं, त्याला अडचण येताच आपणच पुन्हा धनगर केलं की! त्यानं स्वतः रंधा उचलला, कपाळाला लावला. "पाप लागलं तर माज्या एकट्याला लागू दे," असं पुटपुटत फळीवर चालवायला घेतला. मास्तरचा हात चालेल तसा बिराप्पा इंग्रजीत सांगू लागला. अडखळला, पण थांबला नाही. मागोमाग बाकीच्यांनाही कंठ फुटला. साहेबानं मान डोलावली. वर्ग राहिला.

पण बापजाद्यांचा नेम मोडला, ते आकारामाला खात राहिलं. त्यानं दर अमावस्येला उपास धरला. लहान गावात असली गोष्ट लपते होय?

पुढच्या अमावस्येला दुपारच्या सुट्टीत तो वर्गात एकटाच बसला होता. पोरं आत आली आणि गपचूप त्याच्याभोवती बसली. भाकरीचं फडकं कुणीच सोडलं नाही.

"का रं, जेवायचं न्हाई व्हय?"

बिराप्पा म्हणाला, "आज सुतारांचा उपास हाय न्हवं, मास्तर."